तापल्या मातीवर पाणी

त्या घरात दोनच गोष्टींवरून आवाज चढायचा. मातीत खडा राहिला तर, आणि भट्टी वेळेआधी उघडायची भाषा कुणी काढली तर. बाकी चहात साखर विसरा, दाराची कडी विसरा, म्हाताऱ्याचं काही म्हणणं नसायचं.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. भट्टी लावायचं काम त्यांचं आणि चाकावर बसायचं काम त्यांच्या मुलाचं. मुलाला लहानपणी एका जागी बसणं माहीत नव्हतं म्हणून त्याचं नाव भिंगरी पडलं, ते तसंच राहिलं. मोठेपणी जो चाकापाशी बसला तो उठेचना. "पोरगं थांबलं आणि चाक फिरायला लागलं," असं समोरची लोहारीण म्हणायची. तिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचंच असायचं. भिंगरीच्या बायकोला आबा सूनबाई म्हणत, म्हणून सगळी आळी तिला सूनबाईच म्हणू लागली. माती भिजवणं, तुडवणं, ओले रांजण उचलून सावलीत नेणं, ही कामं तिची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मातीतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते आबांकडून कळलं, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि मुक्कामालाच आला. गरम वारा सुटला तो पडायचं नाव घेईना. चाकावरून उतरवलेला रांजण सावलीत बेताबेतानं वाळावा लागतो. या वाऱ्यानं रांजण एकाच बाजूनं वाळले आणि त्यांच्या पोटाला चिरा गेल्या. चिरलेला कच्चा माल परत भिजत घाला, परत तुडवा, परत चाकावर चढवा. पाणी साठवायला लोक रांजण मागत होते, दुकानदार निरोपावर निरोप धाडत होते, आणि घरात द्यायला रांजण नव्हते.

"दात आहेत तर चणे नाहीत," लोहारीण म्हणाली.

"तू तुझे चणे खा," भिंगरी म्हणाला. चाक थांबवलं नाही त्यानं.

शेवटी कशीबशी एक भट्टी भरली. आबांनी ती पेटवली, शेकली, आणि दार विटांनी बंद करून ठेवली. आता निवेपर्यंत कुणी तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही, अशी त्या घरची रीत होती. पण टेम्पोवाला येऊन गेला. माल शहरात नेणारा हाच. काडी चघळत बोलायचा, म्हणून त्याचं निम्मं बोलणं दातातच राहायचं. प्लास्टिकच्या टाक्यांची गाडी पलीकडच्या रस्त्याला लागलीय, म्हणाला. उद्या दुपारपर्यंत रांजण पोचले तर दुकानदार घेतील, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात भेटू.

"भट्टीला अजून हात लावू देत नाही," आबा म्हणाले.

"हात मी लावतो," भिंगरी म्हणाला.

"प्रश्न तुझ्या हाताचा नाही. आत गार वारा शिरला की तापलेली माती तडकते. पाण्याचा तर थेंब चालत नाही. किती वेळा सांगायचं?"

"गार वारा आहे कुठं, आबा? बाहेर पण भट्टीच पेटलीय. आतल्या मालाला कळणारसुद्धा नाही दार उघडलेलं."

आबांनी अंगणात बघितलं. उन्हानं जमीन पांढरी पडली होती, लोहाराचं कुत्रं हौदाच्या कडेच्या चिखलात पोट टेकून पडलं होतं. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यानं त्यांनी हार मानली. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाले.

दुसरी सकाळ उजाडली. आदल्या दिवसापासून भिंगरीचं पोट बिघडलं होतं. पोटात काही ठरत नव्हतं. सूनबाईनं सकाळी पेज केली ती त्यानं दोन घोट घेऊन खाली ठेवली. डोक्याला आणि हातांना ओलं गोणपाट गुंडाळलं, दाराच्या विटा काढल्या आणि वाकून भट्टीत शिरला.

आत उभं राहता येत नाही. उकिडवं बसायचं, रांजण मांडीवर ओढायचा, दाराकडं सरकवायचा. दारात सूनबाई उभी. ती रांजण पोटाशी धरून सावलीत नेऊन ठेवायची. पदर चौपदरी करून धरला तरी पोटाला चटका बसायचा. सावलीत आबा. ते प्रत्येक रांजणावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. आवाज खणखणीत आला की रांजण चांगला, बद्द आला की आत कुठंतरी तडा आहे. एकामागून एक रांजण खणखणीत वाजत होते. आबांचा चेहरा सैल पडत गेला.

सुरुवातीला भिंगरीच्या हनुवटीवरून घामाची धार लागली होती. गोणपाट भिजून गळत होतं. मग गोणपाट सुकलं. मग चेहराही सुकला. सूनबाईनं ते बघितलं आणि तिला बरंच वाटलं. घाम थांबला म्हणजे अंग निवालं, असा तिनं हिशेब केला. ओल्या हातातून रांजण निसटायची भीतीही गेली.

"बाहेर या जरा. पाणी प्या."

"एवढी रांग होऊ दे."

रांग झाली तरी तो आला नाही. आतून म्हणाला, "आई, हा मोठा तू धर."

सूनबाईला वाटलं, थट्टा करतोय. त्याची आई जाऊन जमाना झाला होता. "आई नाही, मी आहे," ती म्हणाली.

"मग आईला बोलव ना," तो चिडून म्हणाला. "तुला कशाला मधे यायचंय?" आणि रांजणाला दोन्ही हातांनी असा धक्का दिला की तो दारातच फुटला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून माल असा फुटला नव्हता. मग तो आपणच बाहेर आला, उजेडात उभा राहिला आणि समोर वाट मोकळी असताना डावीकडं वळून भिंतीवर जाऊन आदळला.

पडला तेव्हा त्याचे हातपाय ताठ झाले आणि झटके देऊ लागले. सूनबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि काढून घेतला. पोटाशी धरलेले रांजण गरम होते, पण हे गरम वेगळं होतं. हे आतून येत होतं. कातडी कोरडी, लाल. ती उठली, हौदातून बादली भरून आणली आणि उचलली.

आबांनी तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस. तडकेल."

"आबा, पेटलाय तो."

"म्हणूनच टाकू नकोस. पेटल्यावर पाणी टाकलं तर काय होतं, तू बघितलेलं नाहीस? काल तुमचं ऐकलं, घाई होऊ दिली. आता मी घाई होऊ देणार नाही. हळू निवू दे त्याला."

आवाज ऐकून लोहारीण फुंकणी हातात घेऊनच धावत आली. बघितलं आणि म्हणाली, "बघता काय? हौदात घाला त्याला. आमच्याकडं लाल झालेलं लोखंड पाण्यातच घालतात, ते काय मरतं का?"

"लोखंड पाण्यात घातलं की कडक होतं," आबा म्हणाले. "माती घातली की ठिकऱ्या होतात. माणूस कशाचा असतो, तूच सांग."

लोहारीण पहिल्यांदाच गप्प झाली. माणूस मातीचा असतो, हे ती तरी कसं नाही म्हणणार? लहानपणापासून तेच ऐकलेलं.

सूनबाईनं बादली खाली ठेवली. हात म्हणत होते टाक, पण घराची रीत म्हणत होती टाकू नको, आणि हातांपेक्षा रीत मोठी होती. नवराही त्यांचाच मुलगा. मुलाचं वाईट बाप करील का? असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्यांनी त्याला कच्च्या मालाच्या खोलीत नेलं. त्या खोलीला खिडकी नाही, वारा लागू नये म्हणून. खाली गोणपाट, वरून गोणपाट. ती सुपानं वारा घालायला लागली तर आबा म्हणाले, झोत नको लागायला. दार ओढून घेतलं. जे जे तापल्या मालाला करायचं ते ते सगळं त्यांनी त्याला केलं, अगदी नीट, मनापासून. भिंगरी धापा टाकत होता. डोळे अर्धे उघडे, पण कुणाकडं लागलेले नव्हते. त्याला उलटी झाली, कपडे खराब झाले. तिनं पुसून काढलं. मधूनमधून ती गोणपाटाखाली हात घालून बघायची. निवायचं लक्षण नव्हतं. दाराबाहेर लोहारीण उभी होती, ती घरी गेली नाही.

टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत असंच चाललं. टेम्पोवाला माल कुठं आहे विचारत आत आला, खोलीत डोकावला, भिंगरीच्या कपाळाला हात लावला आणि तोंडातली काडी थुंकली.

"हे काय करून ठेवलंय? याला पांघरूण?"

कुणाच्या उत्तराला थांबला नाही. त्यानं आणि लोहारणीनं भिंगरीला उचललं आणि टेम्पोत घातलं. आबा म्हणत होते, झाकून न्या, वारा लागेल. टेम्पोला मागं छत नव्हतं. सूनबाई डोकं मांडीवर घेऊन बसली. रांजण अंगणातच राहिले.

आळी मागं पडल्यावर तिला टेम्पोत कोपऱ्याला पाण्याचा कॅन दिसला, इंजिनात घालायचा. तिनं झाकण काढलं. आबा आता बघत नव्हते. तिनं डोळे मिटले आणि अर्धा कॅन नवऱ्याच्या छातीवर रिकामा केला.

ती कान देऊन बसली. काही वाजलं नाही. कातडी तडकली नाही, काही फुटलं नाही. भिंगरीनं फक्त एक लांब श्वास घेतला. मग तिनं उरलेलं पाणीही टाकलं, डोक्यावर, मानेवर, आणि वाऱ्यात त्याचे कपडे फडफडू दिले. टाकता टाकता ती रडायला लागली, कारण तिला तेव्हाच कळलं.

दवाखान्यातल्या लोकांनी तर कमाल केली. कपडे काढले, ओल्या चादरी घातल्या, बर्फाच्या पिशव्या काखेत आणि जांघेत ठेवल्या, दोन पंखे आणून अंगावर सोडले. तिच्या घरात जे जे करू नये ते सगळं तिथं पळत पळत करत होते. ती भिंतीला टेकून बघत राहिली.

"कितीसा वेळ असा होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयानं सूनबाईएवढ्याच, डोळ्यांखाली काळं.

"पडला तसा आणला," सूनबाई म्हणाली.

टेम्पोवाला बाजूलाच उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि बाहेर गाडीपाशी निघून गेला.

अंग निवालं, तेव्हा तिला वाटलं सुटलो. पण गरमी गेल्यावर मागं काय ठेवून गेली ते एकेक करून दिसायला लागलं. आधी लघवी. पिशवीत जमलेली लघवी काळ्या चहाच्या रंगाची होती, आणि तीही थेंब थेंब. मग सुया टोचलेल्या जागा. रक्त थांबेना, नुसतं पाझरत राहिलं, हिरड्यांतूनसुद्धा. मग डोळे पिवळे झाले. मांड्या आणि दंड फुगून टणक झाले. हात लावला तरी तो बेशुद्धीत कण्हायचा. एकाच दिवशी एकाच गरमीत एकच माणूस सापडला होता, आणि त्याच्या आत एकेक अवयव आपापल्या वेळेनं माघार घेत होता.

तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. "मी खोटं बोलले," म्हणाली. "लगेच नाही आणलं. पांघरूण घालून ठेवलं होतं. बराच वेळ."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"हा साधा ताप नाही," त्या म्हणाल्या. "तापात शरीर स्वतःच ठरवून गरम होतं. इथं शरीराची निवायची सोयच बंद पडते. घाम थांबतो ना, ती सोय संपल्याची खूण असते. मग आतलं शिजायला लागतं. स्नायू विरघळतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो, म्हणून तो रंग. आतड्याचं अस्तर फाटतं आणि आतलं विष रक्तात शिरतं. यकृताला मार बसतो. रक्त नको तिथं गोठतं आणि हवं तिथं गोठत नाही."

"आणि डोकं?"

"ते शुद्धीवर आल्यावर कळेल. मेंदूच्या मागच्या बाजूला एक लहान भाग असतो. तोल सांभाळणं, हात बरोबर जागी नेणं, हे त्याचं काम. त्याला गरमी सगळ्यात कमी सोसते."

सूनबाई स्वतःच्या हातांकडं बघत होती. मग जे विचारायचं नव्हतं ते तिनं विचारलं. "पडल्या पडल्या पाणी टाकलं असतं तर?"

"बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "कदाचित सगळंच."

रक्त धुवायचं मशीन लावलं. एक दिवस असा आला की तिनं आशा सोडली, आणि नेमका त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवीतला रंग फिका पडायला लागला. आबा रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायचे नाहीत, काचेतून बघायचे. भिंगरीनं डोळे उघडले त्या दिवशी त्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा हात धरला.

"हळूहळू निववला म्हणून वाचला," ते म्हणाले. "बायका पाणी टाकायला निघाल्या होत्या. मी हात धरला. टाकलं असतं तर तिथंच संपला असता."

सूनबाई ऐकत होती. तिच्या तोंडापर्यंत आलं होतं सगळं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. तिनं तोंड मिटलं.

पुढं ते मिटलेलंच ठेवावं लागलं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. भिंगरी घरी आल्यावर जो कुणी बघायला येई त्याला आबा हीच गोष्ट सांगत. सांगता सांगता गोष्ट पक्की होत गेली, भट्टीतल्या मालासारखी. बादली, मनगट, "टाकू नकोस." सूनबाई चहा आणून ठेवायची आणि आत जायची. आत जाऊन माती तुडवायची. भिजवलेली, न भिजवलेली, दिसेल ती. तिला म्हाताऱ्याचा राग यायचा, इतका की पायाखालच्या मातीत खडा लागला तरी कळायचं नाही. आणि मग तो तिच्या ताटात स्वतःच्या ताटातला मऊ भात सारायचा, तेव्हा राग ठेवायला जागा सापडायची नाही.

"सांगून टाक एकदा," लोहारीण म्हणाली. तिला सूनबाईनं सांगितलं होतं, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मरेल तो ऐकून."

"आणि तू न सांगून मरतेयस. हे बरं आहे तुमच्या घराचं."

भिंगरी पाय फाकून चालायचा, होडीतल्यासारखा. जीभ जड झाली होती. शब्द तोडून तोडून बोलायचा. पण खरं दुखणं हातात होतं, आणि ते लबाड होतं. हात मांडीवर ठेवलेला असला की अगदी शांत. कुणी म्हणणार नाही याला काही झालंय. तोच हात कशाकडं तरी न्यायला लागला की थरथरायचा, आणि वस्तू जितकी जवळ येईल तितका जास्त. पेल्याशी पोचेपर्यंत पेला उलटायचा.

एका सकाळी तो आपणच चाकापाशी जाऊन बसला. सूनबाईनं मातीचा गोळा दिला. चाक फिरवायला काठीच्या टोकानं खाचेत नेम धरावा लागतो. नेम बसेना. तिनं फिरवून दिलं. चाक फिरायला लागलं. त्यानं दोन्ही हात गोळ्यावर टेकले. चाकाच्या मधोमध मातीला धरून ठेवायचं असतं, तेवढंच. तो पूर्वी हे झोपेतसुद्धा करायचा. गोळा एकदा डोलला, दोनदा डोलला आणि चाकावरून सुटून भिंतीवर जाऊन चिकटला.

भिंगरी हसला. "मी... फिरतो. चाक... थांबलं," म्हणाला. लोहारणीचा जुना विनोद त्यानं उलटा केला होता. सूनबाई हसली नाही.

"अशक्तपणा आहे," आबा म्हणाले. "जाईल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडं सुधारेल, पण पहिल्यासारखं होणार नाही. तेही सूनबाईनं घरात सांगितलं नव्हतं.

चाक रिकामं ठेवून कसं भागणार? आबा इतक्या वर्षांनी परत चाकावर बसले. गुडघे वाजायचे, रांजणाची पोटं थोडी वाकडी यायची, पण उतरत होते रांजण. उन्हाळा हटायला तयार नव्हता. दुसरी भट्टी भरली. आबांनी ती पेटवली आणि जाळ सांभाळायला तोंडापाशी बसले. सूनबाई लाकूड आणून देत होती. पाणी घ्या म्हणाली की हात हलवायचे.

दुपार चढली. तिनं लाकडाची मोळी टाकली आणि आबा म्हणाले, "पोराला आत बोलाव. उन्हात फिरतंय केव्हाचं."

"कुठलं पोर?"

"भिंगरी गं. डोकं तापेल त्याचं. तुझं लक्ष नसतं."

भिंगरी ओसरीवर बसला होता, दोघांच्या डोळ्यांसमोर. सूनबाईनं आबांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोरडी होती. हाताला ती गरमी ओळखीची वाटली.

आबा उठायला गेले आणि बसल्या जागीच कलंडले. ती हौदाकडं धावली, बादली भरली, आली. आबांनी डोळे किलकिले केले. बादली तेवढी त्यांना दिसली.

"टाकू नकोस," ते पुटपुटले. "तडकेल."

ती थांबली. बादली हातात. नंतर ती लोहारणीला म्हणाली की त्या क्षणात मी काय काय विचार केला ते मलाही सांगता येणार नाही. पण दोन गोष्टी तिला नक्की आठवत होत्या. एक म्हणजे, घे तुझी रीत, निव हळूहळू, असं तिला वाटलं होतं. आणि दुसरी म्हणजे, पाणी टाकलं आणि हा उठून बसला तर त्याला सगळं कळेल. इतके दिवस जे झाकून ठेवलं ते या एका बादलीनं उघडं पडेल. म्हाताऱ्याचा जीव वाचवायचा तर त्याची गोष्ट मोडावी लागणार होती.

तिनं बादली त्याच्या छातीवर ओतली.

मागं काहीतरी फुटलं. भिंगरी घागर भरून घेऊन येत होता, पाय फाकून, डोलत. घागर त्याच्या हातातून आबांच्या डोक्यापाशीच पडली आणि पाणी बापाच्या तोंडावर उडालं. तो परत हौदाकडं निघाला, आणखी आणायला. समोरून लोहारीण आली, लोखंड विझवायच्या डोणीतलं काळं पाणी बादलीत घेऊन. "हे चालेल का तुमच्या मातीला?" म्हणाली आणि उत्तराआधीच टाकलं. त्यांनी आबांना भिजवलं, सदरा फाडला, सुपानं वारा घातला, परत भिजवलं. भट्टीचा जाळ बसला. बघायला कुणी नव्हतं. टेम्पोवाला आला तेव्हा आबा डोळे उघडून, हे काय चाललंय म्हणून भांडत होते.

दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं, तपासलं. मूत्रपिंड ठीक, यकृत ठीक. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आबांना अंगणात बाजेवर निजवलं. भट्टीतला माल अर्धाकच्चा राहून वाया गेला होता, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बराच वेळ आभाळाकडं बघत पडले. मग उठून बसले, उशाशी ठेवलेल्या तांब्याकडं हात नेला आणि मध्येच थांबवला. हात पुढं तसाच धरून बघत राहिले. म्हाताऱ्याचा हात, शिरा वर आलेल्या, नखांत माती. जरासुद्धा हलत नव्हता. त्यांनी तो मागं घेतला, परत तांब्याकडं नेला, परत बघितला.

"सूनबाई."

ती लाकडं रचत होती. आली.

"तू पाणी टाकलंस माझ्यावर."

"हो."

"लगेच?"

"लगेच, आबा."

लोहाराच्या घरात घण पडत होता, तो ऐकत राहिल्यासारखे बसले.

"मी तडकलो नाही," ते म्हणाले.

सूनबाईनं तांब्या उचलून त्यांच्या हाताशी ठेवला. खोटं तिला आता बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची गरज राहिली नव्हती.

"त्या दिवशी बादली तुझ्या हातात होती," आबा म्हणाले.

"होती."

भिंगरी आतून चहा घेऊन आला. येता येता थोडा बशीत आणि थोडा अंगणात सांडला होता. कप बशीवर खडखडत होता. बाजेजवळ आला तसा जास्तच खडखडायला लागला. "आबा, चहा... निवेल," तो म्हणाला.

आबांनी कप घेतला नाही. ज्या हातानं सूनबाईचं मनगट धरलं होतं त्या हातानं त्यांनी मुलाचं मनगट धरलं, घट्ट, आणि धरून ठेवलं. कप खडखडायचा थांबला नाही.